तुम्ही विचारलंत म्हणून: पोर्ट लुईसाठी एक दिवस मोडावा का?

मॉरिशसला निघालेली ओळखीची माणसं मला फोन करतात. हॉटेल कुठल्या किनाऱ्यावर घेऊ, डॉलर नेऊ की युरो, शाकाहारी नीट मिळतं का, हे सगळं विचारून झालं की शेवटी एक प्रश्न येतोच: "अगं, ते पोर्ट लुई राजधानी आहे ना? त्यासाठी एक दिवस मोडावा का, की आपलं समुद्रावरच पडून राहावं?" नोकरीनिमित्त मी काही वर्षं त्या बेटावर काढली. घर कात्र बोर्नला आणि ऑफिस पोर्ट लुईत, म्हणजे रोजची ये-जा. तेव्हा हा प्रश्न माझ्याकडे येणं साहजिक आहे.

मोडा दिवस. फक्त रविवार नको आणि संध्याकाळ नको. कामाच्या वारी सकाळी लवकर पोचा आणि चारच्या सुमारास निघा. चारनंतर थांबून करणार काय? सगळं गावच निघालेलं असतं.

हे मी थट्टेत सांगत नाही. चार वाजले की ऑफिसं फुटतात, बसस्टँडवर रांगा लागतात, दुकानांची शटरं खाली येतात आणि सहा-सातला तुम्ही मधल्या रस्त्यांवर उभे असाल तर तुम्ही, दोन कुत्री आणि एखादा रखवालदार. एखाद्या देशाची राजधानी रोज संध्याकाळी अशी रिकामी होते हे मला सुरुवातीला फार विचित्र वाटायचं. मुंबईत फोर्टचा भाग रात्री सामसूम होतो, पण फोर्ट म्हणजे अख्खी मुंबई नव्हे. इथं मात्र राजधानीचा गाभाच ओस पडतो. लोक राहतात वर, पठारावर: रोझ हिल, कात्र बोर्न, वाक्वा, क्युरपिप. खाली पोर्ट लुईत फक्त कामाला येतात.

याचं कारण शोधायचं तर मान वर करून डोंगर बघा. बंदराच्या मागं ल पूस नावाचा अंगठ्यासारखा सुळका आहे आणि पीटर बॉथ नावाचा दुसरा, ज्याच्या टोकावर एक अजस्र धोंडा डोक्यासारखा बसलाय. या रांगेनं शहराला तिन्ही बाजूंनी कवेत घेतलंय. बेटावर वारा बहुतेक वर्षभर आग्नेयेकडून येतो. डच इथं आधी आले, ते आग्नेयेच्याच बंदरात राहिले, आणि तिथून शिडाचं जहाज बाहेर काढायचं म्हणजे वारा नेमका तोंडावर. १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. मागून आलेल्या फ्रेंचांनी वायव्येचं हे बंदर निवडलं. डोंगराच्या आडोशाला जहाजं निवांत उभी राहतात आणि निघताना वारा पाठीशी असतो. १७३५ मध्ये माहे द ला बुर्दोने गव्हर्नर होऊन आला आणि त्यानं इथं गोदी, रस्ते, इस्पितळ, सरकारवाडा असं गाव उभं केलं. उभं केलं म्हणजे गुलामांकडून करवून घेतलं. पाँडिचेरीहून तमिळ कारागीरही आणले. याच बंदरातून आरमार घेऊन त्यानं १७४६ मध्ये इंग्रजांचं मद्रास जिंकलं. पुढं पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर डुप्ले याच्याशी बिनसलं आणि स्वारी पॅरिसला बॅस्टिलच्या तुरुंगात जाऊन पडली. आपल्या शाळेच्या पुस्तकात डुप्लेचं नाव येतं, याचं येत नाही.

तर ज्या डोंगरानं बंदर दिलं, त्यानंच वारा अडवला. जानेवारीत पोर्ट लुईत सकाळी अकराला रस्ता ओलांडला तरी घामाच्या धारा लागतात. त्याच वेळी क्युरपिपला, साडेपाचशे मीटर उंचीवर, पाऊस पडत असतो आणि बायका स्वेटर घालून बसच्या रांगेत उभ्या असतात. अंतर तासाभराचंही नाही.

तरीसुद्धा शंभर-सव्वाशे वर्षं लोक इथंच राहत होते, श्रीमंत गोरे सुद्धा. मग मलेरिया आला. १८६६ ते १८६८ या काळात त्यानं बेट अक्षरशः झोडपलं. नुसत्या १८६७ मध्ये बेटावर तीस हजारांच्या वर माणसं दगावली आणि त्यांतली बरीच पोर्ट लुईतली. डास आणि मलेरियाचा संबंध तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हता. तो सिकंदराबादेत १८९७ मध्ये सिद्ध करणाऱ्या रोनाल्ड रॉसला पुढं १९०७ मध्ये सल्ला द्यायला याच बेटावर बोलावलं होतं. पण वर थंडीत गेलं की माणूस वाचतो एवढं लोकांना कळत होतं, आणि नशिबानं वर जायला आगगाडी नुकतीच सुरू झाली होती. ज्यांना परवडलं ते क्युरपिपला गेले आणि परत राहायला काही उतरले नाहीत. रोज सकाळी खाली यायचं, संध्याकाळी वर जायचं, हा परिपाठ तेव्हा पडला तो आजतागायत. ती आगगाडी १९६४ पर्यंत पुरती बंद झाली. आता बरीचशी तिच्याच मार्गावर मेट्रो धावते. ती बांधली आपल्या मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोनं; २०२२ पासून ती थेट क्युरपिपपर्यंत जाते. तुम्हीही तिनंच या. गाडी घेऊन आलात तर पार्किंग शोधण्यात सकाळ जाईल.

मेट्रोतून उतरल्यावर टूरवाले नेतात त्या कोदां वॉटरफ्रंटकडे लगेच वळू नका. तिथं डोक्यावर रंगीत छत्र्या टांगलेल्या आहेत, त्यांच्याखाली सगळे फोटो काढतात, आणि दुकानांत मिळतं ते विमानतळावरही मिळतं. तिथं एकच गोष्ट बघण्याजोगी: ब्लू पेनी म्युझियममधली १८४७ ची दोन अतिदुर्मीळ टपाल तिकिटं. १९९३ मध्ये बेटावरच्या बँका आणि कंपन्यांनी एकत्र येऊन ती विकत घेतली. उजेडानं रंग उडू नये म्हणून अस्सल तिकिटांवरचा दिवा तासातून काही मिनिटंच लावतात, बाकी वेळ प्रतिकृती बघायच्या. वेळ विचारूनच आत जा.

पहिल्यांदा जा आप्रवासी घाटावर, म्हणजे भारतातून करारावर आणलेल्या मजुरांना जिथं उतरवून घेत तिथं. स्टेशनापासून चालत काही मिनिटं. एवढ्याशा जागेत काय बघायचं असं वाटेल. मूळ आवाराचा थोडाच भाग उरलाय, मधून महामार्ग काढताना बाकीचं गेलं. काळ्या दगडाच्या भिंती, स्वयंपाकघराचे अवशेष, इस्पितळाचा दरवाजा आणि सोळा पायऱ्या. बोटीतून उतरलेले मजूर या पायऱ्या चढून वर आले. पहिली तुकडी २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलस' जहाजानं कलकत्त्याहून आली, छत्तीस जणांची. गुलामगिरी उठणार हे तोवर ठरलं होतं, १ फेब्रुवारी १८३५ ला ती बेटावर उठलीही. उसाच्या मळेवाल्यांना गुलाम सोडण्याबद्दल सरकारातून नुकसानभरपाई मिळाली, गुलामांना काही नाही. त्यांच्या जागी करारावर माणसं आणायचा हा प्रयोग होता. पुढच्या ऐंशीएक वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं अशी आली, मुख्यतः कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून. मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली आणि त्यांत कोकणातली माणसं होती.

मला तिथं सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती मजुरांच्या नोंदींची पद्धत. नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरच्या खुणा, जिल्हा, गाव, जहाज आणि सगळ्यांत आधी एक नंबर. दोन-तीन दिवस या आवारात ठेवायचं आणि मग मळ्यावर पाठवायचं. म्हणजे ज्या शहराच्या दगडी जिन्यानं लाखो लोकांचं आयुष्य बदललं, ते शहर त्यांतल्या बहुतेकांनी नीट पाहिलंही नसणार. करार संपल्यावर तरी मोकळं हिंडावं? तर १८६७ मध्येच, म्हणजे मलेरियाची साथ चालू असतानाच, कायदा झाला की करार संपलेल्या मजुरानंही फोटो लावलेला परवाना जवळ बाळगायचा. परवाना नसला की अटक. प्रदर्शनात त्या फोटोंतले चेहरे बघा. कॅमेरा कशाला लावलाय हे न कळलेले आहेत, आणि नीट कळलेलेही आहेत.

आप्रवासी घाटाला युनेस्कोनं २००६ मध्ये जागतिक वारसा म्हटलं. प्रवेशाला पैसे नाहीत. गर्दीही नाही, हे मात्र मला कधी पटलं नाही. हनिमूनची जोडपी समुद्रात पॅराशूट लावून उडायला रांगा लावतात, आणि इथं शाळेच्या सहली सोडल्या तर शुकशुकाट.

तिथून दहा मिनिटांवर सेंट्रल मार्केट. गेटवरच्या लोखंडी नक्षीत व्हिक्टोरिया राणीची अक्षरं आहेत, आत कोथिंबीर, चायोट, लिची आणि मिरच्यांचे ढीग. भूक लागली असेलच. ढोल पुरी घ्या: डाळ शिजवून, वाटून, लाटलेल्या पोळीच्या पोटात भरलेली, म्हणजे पुरणपोळीतला गूळ काढून घेतला तर जे उरेल ते. वर पावट्याच्या जातीच्या मोठ्या दाण्यांची रस्सेदार भाजी, टोमॅटोची रुगाय आणि हिरव्या मिरचीचं वाटण. कागदात गुंडाळून हातात देतात आणि एकावर एक दोन देतात. ती जोडीनंच खायची असते. मिरची किती हे विचारतील, "थोडी" म्हणा, मराठी अभिमान बाजूला ठेवून. गातो पिमां, म्हणजे डाळवड्याचाच तिथला भाऊ, फ्रेंच पावाच्या तुकड्यात घालून खातात. विकणारा बिहारी वंशाचा, गिऱ्हाईक आफ्रिकी वंशाचं, आणि बोलणं क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून घडलेल्या तिथल्या बोलीत. त्याच्या मागच्या भिंतीवरची सरकारी नोटीस इंग्रजीत असेल आणि काउंटरवरचं वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये.

हा घोळ इंग्रजांचा. १८१० मध्ये त्यांनी बेट जिंकलं, पण तहात फ्रेंचांना त्यांचे कायदे, धर्म, मालमत्ता आणि चालीरीती राखू दिल्या. त्यामुळे आजही दिवाणी कायदा नेपोलियनचा आणि शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे. प्लास दार्म या चौकात ताडांच्या रांगांमध्ये चाला म्हणजे हे डोळ्यांना दिसेल: एका टोकाला समुद्राकडं तोंड करून ला बुर्दोनेचा पुतळा, तोही इंग्रजी राज्यातच उभारलेला, आणि दुसऱ्या टोकाला सरकारवाड्यासमोर व्हिक्टोरिया. दोघांचेही पुतळे कुणी पाडले नाहीत. १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्याचा झेंडा चढला तो जवळच शाँ द मार्सवर, म्हणजे १८१२ पासूनच्या घोड्यांच्या रेसकोर्सवर.

आता मघाच्या "सगळं गाव निघतं" या वाक्यात एक दुरुस्ती. सगळे निघत नाहीत. चायनाटाउनमधली जुनी घरं आहेत, प्लेन व्हेर्तचे मुसलमान आहेत, रोश ब्वामधले क्रिओल, म्हणजे आफ्रिकी वंशाचे लोक आहेत. वर जाणं ज्यांना परवडलं नाही, किंवा दुकान आणि देऊळ-मशीद सोडून जावंसं वाटलं नाही, ते राहिले. रॉयल रोडवरच्या जुम्मा मशिदीच्या अंगणात बदामाचं झाड आहे, मशिदीहून जुनं. रात्रीचं पोर्ट लुई बघायचंच असेल तर ८ सप्टेंबरला या: पेर लाव्हाल या धर्मगुरूच्या सेंट क्र्वामधल्या समाधीवर रात्रभर चालत माणसं जातात, त्यांत हिंदू बायकाही असतात.

आणि पावसाचा अंदाज बघून या. डोंगरावर पडलेलं पाणी उतरून शहरातच येतं. ३० मार्च २०१३ ला अशाच अचानक पुरात अकरा माणसं गेली, त्यांतली काही कोदांजवळच्या भुयारी वाटेत. जानेवारी २०२४ च्या 'बेलाल' वादळात रस्त्यांवरून मोटारी वाहत होत्या. आभाळ भरलं की माझ्या ऑफिसातले लोक दुपारीच पिशव्या आवरायला लागायचे, आणि ते बरोबर होतं.

या उत्तरानंतर हमखास पुढचा प्रश्न येतो: "मग मराठी माणसं भेटतील का तिथं?" पोर्ट लुईत फारशी नाही. आली तिथूनच, पण मळ्यांवर गेली ती वाक्वा, हेन्रिएटा, कास्कावेल या बाजूला, आणि तिथंच राहिली. त्याच मेट्रोनं वाक्वाला उतरा. गणेशचतुर्थीला बेटावर सार्वजनिक सुट्टी असते, तेव्हा गेलात तर उत्तमच. कोकणातली जाखडी तिथं झाकरी म्हणून नाचतात. घरात मात्र बहुतेक क्रिओल बोलतात, "मराठी येत नाही कसं?" असं तोंड करून त्यांना विचारू नका, पाच-सहा पिढ्या झाल्यात.

कुणी पूर्वज शोधायचा असेल तर तो पोर्ट लुईत सापडणार नाही. मजुरांच्या नोंदवह्या मोका या गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. आधी पत्र लिहून विचारा, आणि गाव, बापाचं नाव, साधारण साल एवढं तरी हाताशी ठेवा. नुसत्या आडनावावर काम होत नाही. उतरवून घेताना बहुतेकांचं आडनाव लिहिलेलंच नाही. आजोबाचं पहिलं नाव तेच पुढं नातवंडांचं आडनाव झालंय.