वळीव आला आणि एरर थांबल्या

हडपसरच्या एका कारखान्याच्या दोन इमारती, मध्ये सुमारे एक किलोमीटर अंतर आणि वाटेत मुठेचा उजवा कालवा. खोदाईच्या भानगडीत न पडता त्यांनी फायबरऐवजी गच्चीवरून गच्चीवर लेझरची लिंक टाकलेली. १५५० नॅनोमीटर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा किरण, वेग एक गिगाबिट. थंडीत लिंक मस्त चालली. उन्हाळा तापला तशी भर दुपारी रडायला लागली.

मला बोलावलं ते ऐन मे महिन्यात. कबुतरं, धूळ, हललेलं अलाइनमेंट असे सगळे संशयित आधीच तपासून झाले होते. आयटीतल्या मुलाने पॉवरचा ग्राफ पुढे केला. "सिग्नल फुल आहे मॅडम. मग सीआरसी एरर येतात कुठून?" सीआरसी एरर म्हणजे पोचल्यावरच्या तपासणीत बिघडलेली निघालेली डेटाची पाकिटं.

ग्राफ खरा होता, पण तो दर सेकंदाची सरासरी दाखवत होता. मी रिसीव्हरच्या फोटोडायोडचं, म्हणजे प्रकाशाची वीज करणाऱ्या भागाचं, आउटपुट सरळ ऑसिलोस्कोपला जोडलं. स्क्रीनवरची रेघ थुईथुई नाचत होती. मधेच उसळायची, मधेच पार तळाला जायची आणि मिलिसेकंदभर तिथेच पडून राहायची. मिलिसेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण गिगाबिटच्या वेगाला तेवढ्यात दहा लाख बिट निघून जातात. अंधारात रिसीव्हर शून्य की एक हे नुसतं ठोकून देतो, त्यामुळे त्यातले निम्मे चुकतात. अब्जात एक चूक चालेल असा करार असेल, तर अशा एका खड्ड्यात पाच-सहा दिवसांचा कोटा संपतो. सेकंदाच्या सरासरीत मात्र त्याचा मागमूस नाही.

मेंटेनन्सचे काका इतका वेळ शांतपणे बघत होते. ते म्हणाले, "किरण जातो त्याच्या खाली काय आहे बघितलंत का? सगळे शेडचे पत्रे. दुपारी त्यावर भाकरी भाजेल."

काकांचं म्हणणं बरोबर होतं. तापलेल्या पत्र्यावरून गरम हवेचे भोवरे उठतात. प्रत्येक भोवऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याची क्षमता, इकडेतिकडे किंचित वेगळा, त्यामुळे किरण क्षणाक्षणाला फुटतो आणि जुळतो. तारे लुकलुकतात ते याच कारणाने. भोवऱ्यांच्या या गोंधळाचं गणित कोल्मोगोरोव्ह या रशियन गणितज्ञाने १९४१ मध्ये मांडलं. गोंधळाची तीव्रता मोजायला आम्ही सीएन-स्क्वेअर नावाचा आकडा वापरतो. तो दहाचा उणे चौदावा घात असला, तर आमच्या अंतराला रायटॉव्ह व्हेरियन्स, म्हणजे प्रकाशाच्या चढउताराचं माप, ०.२ येतो आणि चढउतार सौम्य राहतात. तापल्या दुपारी तो दसपट वाढला की तोच आकडा २ होतो. मग चढउतारांचा अंदाज बांधायचं लॉग-नॉर्मल हे सोपं सूत्र कामाचं राहत नाही, गॅमा-गॅमा वितरण हे जास्त किचकट सूत्र घ्यावं लागतं. खोल खड्डे किती वारंवार पडतील, याचा अंदाज त्यातून बराच जवळचा येतो.

हे सगळं मी तिथल्या साहेबांना समजावत होते, तेवढ्यात पूर्वेकडून आभाळ भरून आलं. साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "आता पाऊस. म्हणजे उरलीसुरली लिंकही गेली."

वळीव चांगलाच कोसळला. पॉवरची पातळी सात-आठ डेसिबलने, म्हणजे पाच-सहा पटीने, खाली आली, आणि एरर काउंटर मात्र जागचा हलेना. आयटीतल्या मुलाने केबल निघाली की काय म्हणून दोनदा चाचपून पाहिली. स्कोपवरची रेघ खाली उतरली होती, पण जवळजवळ सरळ होती. पावसाने प्रकाश थोडा खाल्ला, पण तेवढी मार्जिन आमच्याकडे होती. पत्रे थंड पडले आणि भोवरे उठायचे थांबले. दुपारी भरपूर प्रकाश असून बिट मरत होते, पावसात कमी प्रकाशात सुखरूप पोचत होते. साहेबांना इतका वेळ गॅमा-गॅमाने जे पटलं नव्हतं, ते वळवाने दहा मिनिटांत पटवलं.

लेझरची ताकद वाढवा, ही त्यांची पहिली सूचना. त्याने फारसं साधलं नसतं, कारण वीस डेसिबलचा, म्हणजे शंभरपटीचा, खड्डा दुप्पट ताकदीने फक्त तीन डेसिबलने भरतो. रिसीव्हरची लेन्स जेमतेम तीन सेंटिमीटरची होती. भोवऱ्यांनी फुटलेल्या किरणाचे उजळ-काळे ठिपके या अंतराला सुमारे चार सेंटिमीटरचे, त्यामुळे अख्खी लेन्सच एखाद्या काळ्या ठिपक्यात सापडायची. मी दहा सेंटिमीटरची लेन्स सुचवली. तिच्यावर एकाच वेळी बरेच उजळ-काळे ठिपके पडतात आणि त्यांची आपोआप सरासरी निघते. शिवाय एरर करेक्शनला, म्हणजे चुकलेले बिट दुरुस्त करणाऱ्या कोडला, इंटरलीव्हर जोडायला सांगितलं. सलग दहा लाख बिट बुडाले तर नुसता कोड हात टेकतो. तेच बिट आधी लांबवर पसरून ठेवले, तर प्रत्येक कोडवर्डच्या, म्हणजे कोडच्या एकेका गठ्ठ्याच्या, वाट्याला थोडंच नुकसान येतं. हे पसरण्याचं काम इंटरलीव्हरचं. बदल्यात काही मिलिसेकंदांचा उशीर सोसावा लागतो. त्यांच्या ईआरपीला, म्हणजे कारखान्याचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, तो कळणारही नव्हता.

लेन्स बसली, इंटरलीव्हर सुरू झाला आणि दुपारच्या एरर जवळपास गेल्या. पण त्याच आठवड्यात काकांनी साहेबांना गाठून शेडच्या पत्र्यांवर पांढरा उष्णतारोधक रंगही मारून घेतला. आता कशाने किती फरक पडला ते वेगळं काढता येत नाही, याची मला अजून चिडचिड होते. रिपोर्टमध्ये मी तिन्ही गोष्टी लिहिल्या आहेत. काकांच्या मते सगळं श्रेय रंगाचं.