सोलापूरभोवतीचे आडवे रस्ते: केगाव–मोहोळ–मंद्रूप आणि वैराग–बार्शी–येडशी

पुणे, विजयपूर, हैदराबाद, तुळजापूर, अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शी असे सगळे रस्ते सोलापूरच्या कुठल्या ना कुठल्या नाक्यावर येऊन मिळतात. त्यामुळे मोहोळचा माल मंद्रूपला पाठवायचा म्हटलं तरी डोक्यात आधी सोलापूरच येतं. ही फेरी त्या सवयीबाहेरच्या रस्त्यांची आहे. गाडी दहा टायरची, एकूण वजन 28 टन. मार्ग ठरवताना किलोमीटर नंतर पाहावेत. वाटेत कोणती नदी कुठे ओलांडायची, हे आधी पाहावं.

सुरुवात केगावहून. इथून देगावमार्गे हत्तूरला जाणारा बाह्यवळण रस्ता पुणे आणि विजयपूर महामार्ग जोडतो. जड गाडीला शहरात काम नसेल तर हाच रस्ता धरावा. पुणे महामार्गाने पुढे गेलं की चिंचोळी एमआयडीसी, लांबोटीला सीना नदीचा पूल, मग सावळेश्वरचा टोल आणि मोहोळ. चौपदरी आहे, त्यावर जास्त सांगण्यासारखं काही नाही. चिंचोळीहून टेंभुर्णीपर्यंत माल टाकून 24 तासांत परतायचं असेल तर परतीच्या टोलची सवलत धरून हिशेब करावा: दोन्ही वेळा मिळून एकेरी टोलच्या दीडपट. माल खाली करण्यातच 24 तास उलटले की ती सवलत गेली.

खरं काम मोहोळपासून सुरू होतं. मोहोळ–कुरुल–कामती–मंद्रूप करत हा रस्ता तेरा मैलाजवळ विजयपूर महामार्गाला मिळतो. पुण्याकडून विजयपूरला जाणाऱ्या गाडीसाठी याचं मोल फार आहे, कारण हा रस्ता सीना आणि भीमेच्या मधल्या पट्ट्यातून जातो. सोलापूरमार्गे गेलं तर सीना दोनदा ओलांडावी लागते, एकदा लांबोटीला आणि पुन्हा वडकबाळला. मोहोळहूनच वळलं तर सीनेचा पूल लागतच नाही. भीमा मात्र पुढे टाकळीला ओलांडावीच लागते.

सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला तेव्हा लांबोटीला पुणे महामार्गच बंद ठेवावा लागला होता. लांबोटी, मंगळवेढा रस्त्यावरचं तिऱ्हे आणि वडकबाळ हे तिन्ही पूल एकाच नदीवर आहेत. म्हणून एक बंद झाला की दुसऱ्याकडे गाडी पळवण्यात अर्थ नसतो, पाणी तिकडेही येत असतं. बार्शीहून कुर्डुवाडीला जायचं तरी सीना आडवी येतेच. पावसाळ्यात गाडी भरण्याआधी सीना-कोळेगाव धरणाचा विसर्ग विचारावा. बेगमपूर आणि टाकळीच्या भीमेवरच्या पुलांसाठी उजनी धरणाचा विसर्ग बघावा. विसर्ग वाढतोय असं कळलं तर माल ज्या काठावर आहे तिथेच ठेवावा. थांबलेल्या गाडीच्या ई-वे बिलाची (मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत, ती संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत वाढवून घेता येते. दर 200 किलोमीटरला एक दिवस एवढीच मुदत असते, त्यामुळे हे विसरून चालत नाही.

गाळप हंगामात, म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून साधारण मार्चपर्यंत, कुरुल–कामती पट्टा रात्री टाळावा. उसाच्या डबल ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर असतोच असं नाही, आणि मोळ्या बाजूने इतक्या बाहेर आलेल्या असतात की ओव्हरटेक करताना केबिनचा आरसा आधी जातो. ट्रॉली शेतातून रस्त्यावर चढते तिथे डांबरावर चिखल पडतो. सकाळच्या दवात त्यावर ब्रेक लागत नाही. चौपदरीवर ताशी 45 धरलं असेल तर इथे 25 ते 30 धरावं.

वजनाचं एक सांगायलाच हवं. रिकामी गाडी साडेनऊ-दहा टनांची, म्हणजे माल 18 टन. साखरेची 50 किलोची 360 पोती. पण एकूण वजन बरोबर असूनही गाडी अडकते. कारण मागच्या जोड ॲक्सलची (चाकांच्या मागच्या दोन आसांची मिळून) मर्यादा 21 टन आहे आणि हमाल पोती फाळक्याकडून, म्हणजे मागच्या झडपेकडून, रचत आणतात. पहिली थप्पी केबिनला टेकवूनच लावून घ्यावी. ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत.

दुसरा भाग सोलापूर–वडाळा–वैराग–बार्शी. इथली अडचण काळ्या मातीची. उन्हाळ्यात दगडासारखी दिसणारी साइडपट्टी पहिल्या दोन पावसांनंतर लोण्यासारखी होते. समोरून एसटी आली की चालक डावी चाकं खाली उतरवतो, मागचं जोडचाक रुततं, गाडी कलते आणि माल त्या बाजूला सरकला की उलटते. डांबराची कड वीतभर उंच दिसत असेल तिथे खाली उतरूच नये, आहे तिथे थांबून समोरच्याला जाऊ द्यावं. कडबा किंवा कापसाच्या गाठी असतील तर माल बांधून झाल्यावर जमिनीपासून वरच्या दोरापर्यंत टेप लावावा. चार मीटरच्या वर गेलं तर रेल्वेखालच्या रस्त्याच्या लोखंडी कमानीला अडकणार, आणि अरुंद रस्त्यावर तेवढी गाडी मागे घेणं म्हणजे तासाभराचं काम.

बार्शीचा माल छत्रपती संभाजीनगरकडे असेल तर सोलापूरला आणण्याचं कारणच नाही. येडशीला धुळे महामार्ग मिळतो. परतीला येडशी–धाराशिव–तुळजापूर–तामलवाडी असा चौपदरी रस्ता आहे. फक्त नवरात्र ते कोजागिरी या दिवसांत तुळजापूर रस्त्यावर पायी जाणाऱ्या भाविकांमुळे जड वाहनं दुसरीकडे वळवतात. पोलिसांचा आदेश आदल्या दिवशी वाचावा. तसंच आषाढी-कार्तिकीला मोहोळ–पंढरपूर रस्त्याचं.

डिसेंबर-जानेवारीत कांद्याची आवक चढते तेव्हा हैदराबाद रस्त्यावरच्या मार्केट यार्डाबाहेर रात्रीपासूनच गाड्यांची रांग लागते. हैदराबादकडे पुढे जायचं असेल तर त्या दिवसांत पहाटे यार्ड ओलांडण्याचा बेत ठेवू नये. दुपारी लिलाव उरकून रिकाम्या गाड्या निघून गेल्यावरच निघावं.