मे महिन्यातलं कळसूबाई आणि ती शेवटची शिडी

उन्हाळ्यात कळसूबाईला जाऊ नका, असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. वेळ पाळली तर भर मे महिन्यातही १६४६ मीटरचं हे राज्यातलं सर्वांत उंच शिखर ऊन तापायच्या आत गाठता येतं. आम्हाला उन्हाने नाही, शेवटच्या शिडीखालच्या खोळंब्याने रडवलं, आणि त्याचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही.

मी, वहिनी आणि दहावी झालेला भाचा. आदल्या रात्री बारी गावातच एका घरी उतरलो, पिठलं-भाकरी खाल्ली आणि अंधारात टॉर्च घेऊन निघालो. शेतं, पायथ्याचं देऊळ, पायऱ्या, खालच्या शिड्या, सगळं झपाझप मागे पडलं. बारीची वाट पूर्वेच्या अंगाने चढते, त्यामुळे सूर्य उगवल्यापासून ऊन पाठीवरच असतं आणि सावली जवळजवळ नाहीच. म्हणून अंधारात निघायचं, यात तडजोड नको.

वर विहिरीपाशी पोचलो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. डोळ्यांसमोर शेवटची शिडी, तिच्या वर माथा. आणि शिडीच्या तोंडाशी ही गर्दी! रविवार होता. रात्रीच्या ट्रेकला आलेले मोठमोठे ग्रुप सूर्योदय बघून एकदमच खाली उतरत होते आणि आमच्यासारखे पहाटे निघालेले वर जात होते. शिडी एकच. खालचे म्हणत, आधी आम्ही. वरून एकामागून एक माणसं उतरतच होती. मधोमध एक आठ-नऊ वर्षांची मुलगी कठड्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून थिजली होती. तिचे वडील हळू आवाजात समजावत होते, तर मागून कुणीतरी ओरडत होतं, "ओ, चला ना पटापट!" त्या पोरीचा चेहरा मला अजून दिसतो. खांद्यावरच्या स्पीकरवर गाणी चालूच. इतक्या माणसांना वर आणणाऱ्या ग्रुप लीडरांपैकी एकही शिडीपाशी उभा नव्हता.

ऊन चढत गेलं. लोखंड तापायला लागलं. वहिनींनी ओढणी हाताला गुंडाळली. आमच्या बाटल्यांतलं निम्मं पाणी या रांगेतच संपलं. ताक विकणाऱ्या मावशींजवळ बसलो, तेव्हा त्यांनी कळसूची गोष्ट सांगितली: केर-भांडी करणार नाही या अटीवर पाटलाच्या घरी राहिलेली मुलगी, तिला एकदा भांडी घासायला लावली आणि ती घर सोडून या डोंगरावर येऊन राहिली. त्या तळपत्या उन्हात ऐकताना ती पोर मला फार जवळची वाटली.

शेवटी सोडवणूक केली ती गावातल्या एका तरुणाने. सरबताची टोपली बाजूला ठेवून तो शिडीच्या तोंडाशी उभा राहिला. "दादा, थांबा. आता खालचे दहा वर जातील, मग वरचे दहा खाली." एवढंच. त्या मुलीला त्याने स्वतः पुढे राहून एकेक पायरी उतरवलं. जे काम दहा मिनिटांत मार्गी लागलं, त्यासाठी आम्ही तासाच्या वर उन्हात उभे होतो. ग्रुप घेऊन येणाऱ्यांनी एक माणूस वर आणि एक खाली उभा करावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. घसरगुंडी होऊन कुणी पडेपर्यंत वाट बघू नका.

वर देवीचं छोटंसं देऊळ. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग. मे महिन्याची धूसर हवा होती, तरी तिन्ही गड ओळखू आले. भाच्याने देवळाला हात लावला आणि मला उगाचच भरून आलं.

शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळाच. सुती हातमोजे न्या, तापलेल्या कठड्याला त्यांचाच उपयोग होतो. आणि हो, माणशी तीन लिटर पाणी खालूनच भरून घ्या, उन्हाळ्यात वरच्या विहिरीच्या भरवशावर राहू नका. ताक-सरबतासाठी सुटे पैसे ठेवा, डोंगरावर फोनची रेंज दगा देते. उतरताना गुडघे बोलतात, काठी असू द्या. रेल्वेने येणाऱ्यांनी कसाऱ्याला उतरून पुढची गाडी आदल्या दिवशीच ठरवावी. परतीचीही तेव्हाच, कारण दुपारी बारीच्या फाट्यावर उन्हात जीपची वाट बघणं म्हणजे पुन्हा तीच रांग.