एकवीस तुकडे आणि अर्धा मीटर

लेकाच्या टेनिस रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारांची जाळी, महिन्यातून दोनदा तुटायला लागलं, तेव्हा सुटी पाकिटं घेणं बंद करून मी थेट 200 मीटरचं रीळ आणलं. पाकिटात 12.2 मीटर तार असते, म्हणजे 40 फूट. एका रॅकेटला एवढी कशाला लागते? ही विकणाऱ्यांची चलाखी, असं माझं ठाम मत होतं.

रविवारी चहाबरोबर रॅकेट मांडीवर घेतली. डोकं 100 चौरस इंचांचं. उभ्या तारा 16, आडव्या 19. आतली जागा साधारण 33 सेंमी लांब, 25 सेंमी रुंद. आकार अंडाकृती, त्यामुळे मधली तार पुरी लांबीची आणि कडेच्या आखूड होत गेलेल्या. उभ्यांची सरासरी 29 धरली, आडव्यांची साडेएकवीस. बेरीज पावणेनऊ मीटर! आजीची नऊवारी सव्वाआठ मीटर भरते. म्हणजे आख्ख्या नऊवारीहून हातभर जास्त तार या एवढ्याशा चौकटीत. प्रत्येक तार चौकटीबाहेर वळसा घेऊन पुढच्या भोकात शिरते, त्या वळशांना अर्धा मीटर. गाठींना पाव. झाले साडेनऊ.

रिळात असे बरोबर 21 तुकडे बसतात आणि अर्धा मीटर उरतो. मी उत्साहाच्या भरात जेवणाच्या टेबलावर माप धरून एकवीसच्या एकवीस कापले, रबर लावून गुंडाळ्या केल्या. उरलेला अर्धा मीटरही टाकवेना. तो पहिल्या गुंडाळीलाच बांधला.

गटिंगवाल्या काकांकडे टेप नाही. त्यांनी रॅकेटच्याच लांबीने चार वेळा तार मोजली, ते आखूड टोक एका बाजूला सोडलं, उरलेली तार हातावर घेऊन म्हणाले, "सर, कमी वाटतेय."

"हिशेब केलाय, काका."

यावर ते काही बोलले नाहीत.

गटिंग या आपल्या शब्दातला 'गट' म्हणजे आतडं. फ्रान्समध्ये पियेर बाबोला यांनी 1875 साली टेनिससाठी आतड्याच्या तारा केल्या, तेव्हा त्या मेंढीच्या होत्या. आता गाईच्या आतड्याच्या मिळतात आणि किंमत ऐकून आपली पिळवटतात. आमची तार साधी पॉलिएस्टरची.

तार ओढून ताणायचं यंत्र 52 पौंडांच्या ताणावर लावलेलं. उभ्या झाल्या, आडव्या एकीखालून एकीवरून विणत खाली आल्या. एकोणिसावी, अगदी शेवटची, भोकातून बाहेर आली ती वीतभरच. यंत्राचा चिमटा तिच्यापासून आणखी वीतभर लांब. ओढायला हाताशी थोडी तार लागते, ती नंतर कापून फेकायचीच असते, म्हणून माझ्या हिशेबात ती आलीच नव्हती.

मी रॅकेटकडे बघायचं टाळलं. काकांनी गुंडाळीचा तो अर्धा मीटर उचलला, वीतभर टोकाला गाठ मारून जोडला, त्याचं दुसरं टोक चिमट्यात दिलं आणि ओढलं. तार ताणली गेली. ती सरकू नये म्हणून क्लॅम्प लावून त्यांनी यंत्र सैल केलं, टोच्याने ती गाठ सोडवली आणि उरल्या टोकाची शेवटची गाठ बसवली.

मग जोडतुकडा माझ्या हातात देत म्हणाले, "हा जपून ठेवा. असे अजून किती कापलेत?"

"वीस."