खिमा वाजला पाहिजे

जानेवारीत मिनेसोटात पारा उणे 24 सेल्सियसवर गेला की घरात एकच प्रश्न उरतो, रात्री गरम काय करायचं? त्या वर्षी आमच्याकडे त्यात एक भर होती. कोल्हापूरहून अण्णा सहा महिन्यांसाठी आले होते, आणि निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं : मीठ कमी, मटण बंद. ज्या माणसाने जन्मभर दर रविवारी तांबडा-पांढरा ओरपला, त्याला मी सकाळ-संध्याकाळ ओट्स घालत होतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली. "हे गोठ्यातलं झालं. पोटाला आधार वाटेल असं काहीतरी कर."

बायकोची दवाखान्यात रात्रपाळी, त्यामुळे संध्याकाळचं स्वयंपाकघर माझं. टर्कीच्या खिम्याचं सूप सुचलं ते काही फार विचार करून नाही. अमेरिकेत सगळ्यांत जास्त टर्की आमच्याच राज्यात वाढवतात, आणि नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी अख्खा पक्षी भाजण्याचा सोहळा होऊन गेला तरी खिम्याची पाकिटं वर्षभर दुकानात पडलेली असतात. अण्णांना मात्र हा पक्षी काय ते सांगता सांगता माझी पुरेवाट झाली. पोर्तुगीज भाषेत त्याला 'पेरू' म्हणतात, हे सांगितल्यावर तर ते हसतच सुटले. पण गंमत अशी की हा पक्षी आपल्याकडे गोव्यातूनच आला. 1612 साली मुकर्रब खान या दरबारी सरदाराने गोव्याहून जहांगीरासाठी एक टर्की नेला आणि उस्ताद मन्सूरने त्याचं चित्र काढलं. "म्हणजे बादशहाने बघितला, खाल्ला नाही," अण्णा म्हणाले. "हुशार होता."

पहिल्या दिवशी मी चूक केली ती अगदी आपल्या संस्कारांची. पाकीट फोडलं, खिमा चाळणीत घेतला आणि नळाखाली धरला. घरी मटणाचा खिमा आई तसाच धुवायची. टर्कीचा खिमा मऊ, गाळ होऊन बसतो. चाळणीत जे उरलं ते भिजवलेल्या कणकेसारखं दिसत होतं. शिवाय इथले अन्नसुरक्षावाले कोंबडी-टर्की धुऊ नकाच म्हणून सांगतात, कारण शिंतोडे ओटाभर उडतात आणि जंतू पसरतात; शिजवल्यावर ते मरतातच. मी धुतला, वर पाणी ओतलं, त्यातच भाज्या टाकल्या आणि उकळत ठेवलं. वर राखाडी फेस, खाली राखाडी चुरा. अण्णांनी दोन चमचे खाल्ले. "रुग्णालयात सलाइन नाकातून देतात का रे हल्ली?"

दुसऱ्यांदा मी चिडून कोल्हापूरला शरण गेलो. डब्यातला कांदा-लसूण मसाला दोन मोठे चमचे, वर दुकानातून आणलेला तयार कोंबडीचा स्टॉक, म्हणजे हाडं उकळून काढलेलं पाणी. चव आली, नाही असं नाही. अण्णांनी दोन वाट्या घेतल्या. मग मी भांडी घासताना स्टॉकच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली : एका कपाला 860 मिलीग्रॅम सोडियम. धडधाकट मोठ्या माणसानेही दिवसाला 2300 च्या आत राहावं असं सांगतात. मी तर सहा कप ओतले होते, आणि मसाल्यातलं मीठ वेगळंच. पथ्याच्या नावाखाली मी माणसाला खारवत होतो. तो मसाला वरच्या कप्प्यात गेला.

तिसऱ्या खेपेला मी पातेल्याजवळ उभा होतो आणि अण्णा मागे खुर्चीत. त्यांना डोळ्याने आता नीट दिसत नाही, मोतीबिंदूचं एक ऑपरेशन व्हायचं आहे. कान मात्र ठणठणीत. बिडाचं जाड बुडाचं पातेलं तापवून दोन चमचे तेल घातलं, खिमा न धुता पसरला आणि सवयीने लगेच ढवळायला लागलो.

"ढवळू नको. ते अजून पाण्यात पोहतंय."

खरंच होतं. टर्कीतून बरंच पाणी सुटतं. पातेल्यात रटरट असा मंद, ओला आवाज येत होता. मी उलथनं खाली ठेवलं. चार मिनिटं गेली, पाच गेली. रटरट हळूहळू बारीक झाली, क्षणभर जवळजवळ थांबली, आणि मग तळातून चुरचुर सुरू झाली. कोरडी, टोकदार. "आता वाजला," अण्णा म्हणाले. "आता उलट." उलटला तर खालची बाजू गुळासारखी तपकिरी. तीन आठवडे माझ्या घरात नव्हता तो वास त्या एका क्षणात आला. कारण साधं आहे : जोवर पाणी आहे तोवर भांड्याचा तळ शंभर अंशांच्या वर फारसा जात नाही, आणि तेवढ्यात मांस शिजतं, पण भाजत नाही. धुतलेल्या खिम्यात मी वरून आणखी पाणी भरत होतो.

पाकिटाबद्दल एक सांगून टाकतो. लेबलवर 93 आणि 7 असे आकडे असतात, म्हणजे 93 टक्के मांस आणि 7 टक्के चरबी. 99 टक्केवालं आरोग्याच्या भरात एकदा आणलं, खडूसारखं लागलं. 93 वालं 454 ग्रॅमचं एक पाकीट आम्हा तिघांना दोन वेळा पुरतं.

खिमा ताटलीत काढला. तळाला जी खरवड धरते ती घासून टाकायची नाही, तीच पुढची सगळी चव. तिच्यावर एक मोठा कांदा, तीन गाजरं, सेलरीचे तीन दांडे आणि खोकंभर मशरूम, तेही अगदी खिम्याएवढे बारीक चिरून. मशरूम हा माझा शोध नव्हे, सगळेच घालतात, पण मीठ कमी असताना त्यानेच तोंडाला भरीवपणा येतो. भाज्यांना पाणी सुटलं की उलथन्याने खरवड सोडवायची. मग पाच लसणीच्या पाकळ्या आणि टोमॅटोची घट्ट पेस्ट दोन चमचे. ती तांबूस-काळपट होईपर्यंत परतायची, नाहीतर डब्याचा कच्चा आंबटपणा शेवटपर्यंत राहतो. थोडी मिरपूड, थाइम आणि तमालपत्र. इथलं तमालपत्र आपलं नव्हे, झाडच वेगळं. आपल्यात दालचिनीची झाक असते, यात नाही. मी इथलंच घातलं. खिमा परत आत, बिनमिठाच्या टोमॅटोचा एक डबा, आणि कमी मिठाचा स्टॉक तीन कप, पाणी चार.

आता वाइल्ड राइस. इथे टर्कीचं सूप म्हटलं की लोक तो घालतातच, बहुतेक जण वर सायही ओततात. साय मी वगळली, तांदूळ ठेवला. तांदूळ म्हणायचा एवढंच; ते तळ्यात वाढणारं एक गवत आहे. इथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक त्याला मनूमिन म्हणतात आणि उन्हाळा सरता सरता होडीत बसून, काठ्यांनी ओंब्या होडीत वाकवून दाणे झोडून घेतात. 1977 पासून तो या राज्याचा अधिकृत धान्यप्रकार आहे. अण्णांनी हे दोनदा सांगायला लावलं. आमच्या शेतात भाताचे झोडे काठावर होतात, इथे पाण्यावर, हे त्यांना फार आवडलं. दुकानातला शेतात पिकवलेला काळा, चकचकीत दाणा तासभर घेतो. तळ्यातला हाताने गोळा केलेला फिकट दाणा लवकर शिजतो आणि महागही असतो. मी काळाच वापरतो, अर्धा कप. दाणा फुटून आतलं पांढरं बाहेर वळलं की झालं. केल ही पालेभाजी मात्र शेवटची पाच मिनिटंच, नाहीतर हिरवा रंग जाऊन शेवाळ दिसतं. गॅस बंद केल्यावर अर्ध्या लिंबाचा रस. मिठाची जागा तो पूर्ण भरत नाही, पण जीभ तक्रार विसरते.

थर्मामीटर खुपसून बघायची इथल्यांना फार हौस. टर्कीचा खिमा आतून 74 अंश सेल्सियसपर्यंत जायला हवा हे खरं, पण तासभर उकळलेल्या सुपात ती काळजी उरत नाही.

त्या रात्री अण्णांनी वाटी पुढे केली, काही बोलले नाहीत, आणि पुन्हा पुढे केली. मीठ मागितलं नाही. हिरवी मिरची मागितली. ती डॉक्टरांच्या कागदावर नव्हती, मी दिली.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, तीन-चार दिवस चालतं. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं तेव्हा सूप नव्हतंच. त्या काळ्या दाण्यांनी रात्रभरात सगळं पिऊन टाकलं होतं आणि चमचा उभा राहत होता. मी पाण्याचा कप घेऊन निघालो तर अण्णांनी अडवलं. भारतीय दुकानातून आणलेल्या ज्वारीच्या पिठाची त्यांनीच भाकरी थापली, जराशी वेडीवाकडी, कारण इथल्या काचेच्या शेगडीवर भाकरी फुगवणं म्हणजे नशिबाचा खेळ. भाकरी चुरून, वर ते घट्ट गरम करून घेतलं.

"याला सूप म्हणू नको," ते घास चावत म्हणाले. "आणि उद्या ते पाकीट आणशील ना, तेव्हा मला हाक मार. मी ऐकतो."