तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजीसाठी कुठलं पुस्तक आणू?

जून आला की हा प्रश्न सुरू होतो. 'मॅडम, मुलगी मराठी माध्यमाची आहे. मार्क चांगले आहेत, पण कॉलेजात सगळं इंग्रजीतून. तिच्यासाठी कुठलं पुस्तक आणू?' काही पालक तर अप्पा बळवंत चौकातून व्याकरणाची दोन-तीन जाडजूड पुस्तकं घेऊनच येतात आणि यातलं कुठलं ठेवू, असं विचारतात. मी पुण्यात ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या एका वसतिगृहात बाहेरगावच्या मुलींबरोबर वाचायला बसते. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून एकदा नीट लिहिते.

पुस्तक आणू नका. निदान आधी आणू नका. मुलीला ज्या कॉलेजात प्रवेश मिळालाय त्याचं माहितीपत्रक, हजेरीचे नियम, वसतिगृहाची नियमावली, शिष्यवृत्तीची सूचना हे सगळं तिला इंग्रजीतून वाचू द्या. ते झालं की दुसरीकडच्या मुलामुलींनी आपल्या कॉलेजच्या पहिल्या दिवसांबद्दल काय लिहिलंय ते वाचू द्या. परदेशातली बरीच विद्यापीठं आपल्या संकेतस्थळांवर विद्यार्थ्यांचे असे अनुभव देतात, फुकट वाचायला मिळतात. विषय मात्र एकच धरायचा, कॉलेज सुरू होणं. पहिलं सत्र संपेपर्यंत दुसरीकडे वळायचं नाही.

हे सांगितलं की पालकांचा चेहरा पडतो. नियमावली वाचून कुठे इंग्रजी येतं का, पेपर वाचायला सांगा ना, असं म्हणतात. पेपर वाच, इंग्रजी सुधारेल, हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय आणि माझा त्याला सुरुवातीच्या काळापुरता स्पष्ट विरोध आहे. इंग्रजी पेपरच्या पहिल्या पानावर व्याजदर, त्याच्या खाली न्यायालयाचा निकाल, बाजूला क्रिकेट. प्रत्येक बातमीचा विषय नवा आणि शब्दही नवे. आज अडलेला शब्द पुन्हा कधी भेटेल याचा नेम नाही. शब्द लक्षात राहायचा तर तो थोड्या दिवसांत पुन्हा पुन्हा समोर यावा लागतो, दर वेळी थोड्या वेगळ्या वाक्यात. स्टीफन क्रॅशन या भाषाअभ्यासकाने 1981 मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: नवशिक्या वाचकाने चौफेर वाचण्यापेक्षा एकाच विषयावर किंवा एकाच लेखकाचं भरपूर वाचावं. विषय ओळखीचा होतो, शब्द फिरून फिरून येतात, वाचनाला वेग येतो.

दुसरं कारण आकड्यांत सांगता येतं. हू आणि नेशन या अभ्यासकांनी 2000 मध्ये दाखवलं की कोणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा असेल तर त्यातले जवळजवळ 98 टक्के शब्द आधीच ओळखीचे असावे लागतात. म्हणजे शंभरात दोन अनोळखी चालतात. पेपरच्या अग्रलेखात मराठी माध्यमाच्या मुलीला शंभरात किती अडतील? ती दर ओळीला डिक्शनरी उघडते, वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरते आणि आठवड्याभरात पेपर बाजूला पडतो. मग घरात म्हणतात, हिला वाचायची गोडीच नाही. मला याचं फार वाईट वाटतं. गोडी असते हो. मजकूर चुकीचा हातात दिलेला असतो.

हजेरीच्या नियमांत काय असणार हे तिला आधीपासून माहीत असतं. 75 टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत, हे तिने सीनियरकडून ऐकलेलं असतं. आशय डोक्यात तयार असला की नव्या वाक्याचा अर्थ निम्मा आधीच लागलेला असतो.

आणि माहितीपत्रकातले शब्द तिथेच राहत नाहीत. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 मध्ये उच्च शिक्षणाच्या पुस्तकांत सगळ्या विषयांना सामाईक असणाऱ्या शब्दांची यादी केली. 570 शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुळ), आणि अभ्यासाच्या मजकुरात जवळपास दहावा हिस्सा त्यांचाच. रिक्वायर, ऑब्टेन, सबमिट, कन्सल्ट, क्रायटेरिया हे शब्द त्या यादीत आहेत, आणि प्रवेशाच्या कुठल्याही सूचनेतही आहेत. ऑगस्टमध्ये हेच शब्द अर्थशास्त्राच्या आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकात भेटतात तेव्हा मुलगी बिचकत नाही.

आता व्याकरण. खरं तर याच्यासाठीच हा विषय मला सगळ्यात आवडतो. कॉलेज सुरू होण्याबद्दल कोणीही लिहायला बसलं की 'आधी घरी असं असायचं, आता इथे असं आहे, पुढे असं करावं लागणार' हे येतंच. आणि मराठी मुलं इंग्रजीत अडतात ती बरोबर याच काळांच्या फरकांवर.

वसतिगृहात वाचायला मी एक छोटा उतारा स्वतः लिहून नेला होता. असा: 'आय हॅड नेव्हर शेअर्ड अ रूम बिफोर. ॲट होम आय यूज्ड टू गो टू बेड ॲट टेन. हिअर माय रूममेट स्टडीज टिल वन. बाय द एन्ड ऑफ द फर्स्ट मंथ आय हॅड लर्न्ट टू स्लीप विथ द लाइट ऑन. लास्ट संडे आय वेन्ट होम अँड कुड नॉट स्लीप इन द डार्क.'

जुन्नरकडची एक मुलगी, बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाची, शेवटच्या वाक्यावर थांबली. म्हणाली, "मॅडम, इथे 'हॅड गॉन' नको का? ती रविवारी घरी गेली होती ना?" या प्रश्नात सगळं मर्म आहे. आपण मराठीत सहज म्हणतो, मी रविवारी गावाला गेले होते. त्यातल्या 'होते'चं इंग्रजीत 'हॅड' होतं आणि वर्गच्या वर्ग 'आय हॅड गॉन टू माय व्हिलेज ऑन संडे' असं लिहितो. इंग्रजीत नुसतं 'वेन्ट' पुरतं. मी तिला पहिलं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. खोली कधी वाटून घेतली नव्हती, ती कधीपर्यंत? वसतिगृहात येईपर्यंत. म्हणजे इथे भूतकाळातला एक क्षण आहे आणि त्याच्याही आधीचं काहीतरी सांगायचंय, म्हणून 'हॅड'. रविवारच्या वाक्यात असं मागचं-पुढचं काही नाही. तिने पेन्सिलीने उताऱ्यातल्या दोन्ही 'हॅड'खाली रेघ मारली आणि प्रत्येकाच्या बाजूला कशाच्या आधी, कशापर्यंत ते मराठीत लिहिलं. व्याकरणाच्या पुस्तकात हाच नियम गाडी सुटून गेल्याच्या उदाहरणाने तिने पाठ केला होता. पाठ होता, पण कधी हाती लागला नव्हता.

तसंच 'आय हॅव पेड द फीज यस्टरडे'. मराठीत 'मी कालच फी भरलीय' हे अगदी बरोबर आहे, म्हणून आपल्याला त्यात काही खटकत नाही. इंग्रजीत कालचा उल्लेख आला की 'हॅव' जातं. पहिल्या आठवड्याचे अनुभव वाचताना फी भरली, फॉर्म भरला, रांगेत उभी राहिले ही वाक्यं इतक्यांदा येतात की कान तयार होतो. 'यूज्ड टू' घ्या. घरी दहाला झोपायचे, आई डबा द्यायची, या आपल्या 'यचे-यची'ला इंग्रजीत 'यूज्ड टू' चपखल बसतं. पण मेसच्या जेवणाची सवय होतेय हे सांगायला 'आय ॲम गेटिंग यूज्ड टू मेस फूड', आणि तिथे पुढे नाम येतं, नाहीतर 'ईटिंग'सारखं रूप. दिसायला सारखी, वागायला वेगळी. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला या दोन्हींची रोज गरज पडते.

वही कशी ठेवायची हेही विचारता. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, अशी वही मी बंद करायला लावते. शब्द त्याच्या सोबत्यांसह लिहायचा. 'अप्लाय' एकटा लिहून काय उपयोग? कॉलेजकडे अर्ज करायचा तर 'अप्लाय टू अ कॉलेज', शिष्यवृत्तीसाठी करायचा तर 'अप्लाय फॉर अ स्कॉलरशिप'. 'एलिजिबल फॉर', 'एन्रोल इन', 'सबमिट टू'. आपल्याकडे ला, साठी, त, कडे हे सगळं नामाला मागून चिकटतं, इंग्रजीत ते नामाच्या आधी येतं आणि त्याआधीचं क्रियापद किंवा विशेषण ठरवतं की कुठलं यायचं. ते तर्काने निघत नाही, पाहून पाहूनच बसतं. पानभर वाचून असे पाच तुकडे वहीत आले तरी पुष्कळ झालं. मग त्यातले दोन-तीन वापरून स्वतःबद्दल चार वाक्यं लिहायची, खरी. खोटी वाक्यं लक्षात राहत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

एक सावधगिरी. परदेशातलं वाचताना तिथल्या गोष्टी तिथल्याच समजायच्या. अमेरिकेत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला 'फ्रेशमन' आणि दुसऱ्या वर्षाच्याला 'सोफोमोर' म्हणतात, ब्रिटनमध्ये 'फ्रेशर'. मार्कांना अमेरिकेत 'ग्रेड्स'. उलट आपली 'केटी', म्हणजे राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्षात जाणं, बाहेर कोणालाच कळणार नाही. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), क्रेडिट (अभ्यास मोजायचं एकक) हे शब्द मात्र आता परके राहिले नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणामुळे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमांतही ते आलेत, आणि एका क्रेडिटला सत्रात साधारण 15 तास शिकवणं, प्रात्यक्षिक असेल तर 30 तास, हे वाक्य अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानांवर इंग्रजीतच छापलेलं असतं.

मराठी वाचन बंद करू नका, हे हात जोडून सांगते. 2000 सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे कॉलेजात येणाऱ्या मुलीने दहा-बारा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. तरी गाडी अडते, कारण धडा वाचला तो प्रश्नांची उत्तरं शोधायला. सलग वाचायची सवय ज्या मुलींना मराठीत लागलेली असते, त्या इंग्रजीतही पटकन पुढे जातात. पुणे नगर वाचन मंदिरासारखी 1848 सालची ग्रंथालयं या शहरात आहेत. मुलीला कुठल्या तरी ग्रंथालयाचं सभासद करा आणि दोन्ही भाषांतलं घरी येऊ द्या.

महिन्याभरात फाडफाड इंग्रजी शिकवणाऱ्या क्लासबद्दलही विचारता. त्या फीमध्ये एक चांगली लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी सोप्या इंग्रजीत अर्थ देणारी, येईल आणि ग्रंथालयाची काही वर्षांची वर्गणीही भागेल. बोलणं येतंच, पण तोंडात यायला आधी डोक्यात वाक्यं साठलेली लागतात. व्याकरणाचं पुस्तक पहिल्या सत्रानंतर घ्या. तेव्हा मुलीला स्वतःचे प्रश्न पडलेले असतील आणि ती अनुक्रमणिकेत नेमकं प्रकरण शोधेल.

राहता राहिला वडिलांचा नेहमीचा प्रश्न. 'मॅडम, मलाच इंग्रजी येत नाही, मी कशी मदत करणार?' तुम्ही एवढंच करा. शिष्यवृत्तीची इंग्रजी सूचना तिच्यासमोर ठेवा आणि विचारा, उत्पन्नाचा दाखला कधीपर्यंत द्यायचाय आणि कोणाकडे? ती मराठीत सांगेल. मग म्हणा, कुठल्या वाक्यात लिहिलंय ते बोटाने दाखव. तारीख सापडणं सोपं असतं, आकडा लगेच दिसतो. 'कोणाकडे' दाखवताना बोट अडखळलं, तर ते वाक्य दोघांनी मिळून पुन्हा वाचा.