जी-ए-एम सांगितलं होतं, केलं ई

सगळ्यात आधी हेच सांगते, बाकीचं मग. सायनसच्या त्रासासाठी डॉक्टरांनी इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडींची (जंतूंशी लढणाऱ्या प्रोटीनांची) टेस्ट लिहून दिली असेल तर रक्त द्यायच्या आधी काउंटरवरची पावती हातात घ्या आणि टेस्टचं नाव वाचा. जी, ए, एम ही तीन अक्षरं, म्हणजे अँटिबॉडीचे तीन प्रकार, दिसली पाहिजेत. नुसतं ई असेल तर हात पुढे करू नका. माझे यात चोवीस दिवस गेलेत आणि अजून राग उतरलेला नाही.

आधीचं थोडक्यात. चार वर्षं सायनस. कपाळ जड, गालाची हाडं ठणकायची, मागून घशात सारखं उतरत राहायचं, आणि वास तर असा गेला की इंदूरच्या सराफ्यात, खाऊच्या बाजारात, कढईपुढे उभी राहून गरम जिलबीचा वास येत नव्हता मला. बारा आठवड्यांच्या वर चाललं की त्याला क्रॉनिक म्हणतात, माझं त्याच्या कितीतरी पुढे गेलं होतं. सीटी, मग दुर्बिणीचं ऑपरेशन, ते सगळं छान पार पडलं, काही तक्रार नाही. पण ऑपरेशननंतर पण दर दीड-दोन महिन्यांनी इन्फेक्शन आणि परत अँटिबायोटिक. तेव्हा आमचे डॉक्टर (मराठीच आहेत, इंदूरचेच) म्हणाले, "ताई, रस्ता मी मोकळा केलाय. आता पहारेकरी जागेवर आहेत का ते बघू."

मला कळलं नाही, तर त्यांनी जुन्या रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने नाकाचं अस्तर काढून दाखवलं. शेंबूड म्हणजे आपण नुसती घाण समजतो, पण त्यात शरीराने सोडलेली राखणदार प्रोटीनं असतात. लायसोझाइम बॅक्टेरियाची भिंतच फोडतं. लॅक्टोफेरिन लोह धरून ठेवतं, बॅक्टेरियाला वाढायला लोह लागतं ते मिळूच देत नाही. आणि आयजीए, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन ए, नावाची अँटिबॉडी जंतूला गुंडाळून टाकते, म्हणजे तो अस्तराला चिकटत नाही आणि मागे घशाकडे वाहून जातो. ते सांगत होते की अलेक्झांडर फ्लेमिंगला लायसोझाइम सापडलं ते १९२१ मध्ये, सर्दी झालेली असताना स्वतःच्याच नाकातल्या शेंबडात, म्हणजे पेनिसिलिनच्या सात वर्षं आधी. चार वर्षं नाक शिंकरतेय, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ऐकून फार बरं वाटलं, आपल्या त्रासाला काहीतरी कारण असू शकतं म्हणून. नाकातली ही बाकीची प्रोटीनं साध्या लॅबमध्ये मोजत नाहीत, पण अँटिबॉडी रक्तातून मोजता येतात, म्हणून जी, ए, एम.

आता लॅब. चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलेलं होतं. काउंटरवरच्या मुलाने "इम्युनोग्लोब्युलिन" एवढाच शब्द वाचला, नाकाच्या डॉक्टरांचा शिक्का बघितला आणि ई टाकलं. मी पावती घडी करून पर्समध्ये ठेवली, वाचलीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट आला, नॉर्मल. घरी सगळ्यांना सांगितलं पण. डॉक्टरांची वेळ नऊ दिवसांनी मिळाली, आणि त्यांनी कागद हातात घेतल्या घेतल्या म्हटलं, अहो हे ई आहे, हे ॲलर्जीसाठी बघतात, मला जे हवंय ते यात नाहीच.

मी तिथून सरळ लॅबमध्ये. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "मॅडम, नाक वालों का तो यही होता है." मी चिठ्ठी त्याच्यासमोर ठेवली, जी-ए-एमवर बोट ठेवलं. मग म्हणे सिस्टीममध्ये तिन्ही वेगवेगळे आहेत, पॅनल दिसत नाहीये, मॅनेजर जेवायला गेलेत. पाऊण तास बाकावर बसले. पैसे परत मिळणार नाहीत म्हणे, कारण टेस्ट तर झाली ना. अरे, पण सांगितलेली झाली नाही! मी आवाज चढवला, मागे बसलेल्या एक काकू पण माझ्या बाजूने बोलल्या, तेव्हा कुठे साडेसातशे नव्या बिलात वळते केले. परत पिवळ्या टोपणाची नळी, परत सुई. सॅम्पल बाहेरगावी जाणार, चार दिवस लागतील.

पाचव्या दिवशी जी आणि एम आले. ए समोर लिहिलेलं, प्रतीक्षेत. फोन केला, उद्या. परत केला, उद्या. मधे रंगपंचमी आली, गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्यावर गेलो, इतका गुलाल नाकात गेला की परत इन्फेक्शन, परत गोळ्या, आणि ए अजून प्रतीक्षेत. बाराव्या दिवशी आला. ७ पेक्षा कमी. शेजारी नॉर्मल रेंज छापलेली, ७० ते ४००. मग कळलं की आकडा इतका खाली येत होता म्हणून ते मशीनवर पुन्हा पुन्हा लावून बघत होते. बरोबरच केलं त्यांनी. पण हे फोनवर एका वाक्यात सांगता आलं असतं ना? मी आपली रोज सॅम्पल हरवलं असेल म्हणून घाबरत होते.

तो ७ बघून मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभीच राहिले. पण डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, जी आणि एम चांगले आहेत, फक्त ए नाही. खूप जणांना असं असतं आणि आयुष्यभर काही त्रासही होत नाही, काहींना मात्र माझ्यासारखं नाक-सायनस धरून बसतं. ए भरून काढायचं इंजेक्शन नाही. जे इम्युनोग्लोब्युलिन सलाइनमधून देतात त्यात मुख्यतः जी असतं आणि माझं जी ठीक आहे. दुसऱ्या लॅबमधून परत एकदा करून घेतलं, तोच निकाल. खरं सांगू, सुटल्यासारखं वाटलं. चार वर्षं सासरी-माहेरी सगळे म्हणत होते थंड खातेस म्हणून होतं.

आणखी, आठवतंय तसं लिहिते. उपाशी पोटी जायची गरज नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, त्याने जी कमी दिसू शकतं. ए कमी निघालं तर ते एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवा, कारण कधी रक्त चढवायची वेळ आली तर अशा लोकांना क्वचित जोराची रिॲक्शन येऊ शकते. आणि हो, गव्हाच्या त्रासाची, म्हणजे सिलिॲकची नेहमीची टेस्ट ए वरच चालते, त्यामुळे ए नसेल तर ती खोटी निगेटिव्ह येते. माझ्या बहिणीची तशी निगेटिव्ह आली होती, आता तिचं पण ए बघायला सांगितलंय. नाक मिठाच्या पाण्याने रोज धुते, पण पाणी उकळून गार केलेलंच, नळाचं थेट कधीच नाही.

शनिवारी न्यूमोनियाची लस घेतली. सहा आठवड्यांनी परत रक्त द्यायचंय, शरीराने लसीला उत्तर दिलं का ते बघायला. त्या टेस्टचं पूर्ण नाव डॉक्टरांकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलंय, आणि या वेळी पावती तिथेच काउंटरवर उभं राहून मोठ्याने वाचणार आहे.